नाणं कुठं सापडलं, ते आधी सांगा

लासलगावात माझं भंगाराचं दुकान आहे. वडिलांनी थाटलं, आता मी बघतो. बाजार समितीच्या दारात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा माझ्याकडं वेगळीच आवक चालू असते. द्राक्षबागेतली गंजकी तार, वाकडे झालेले अँगल, जळालेल्या मोटारीचं तांबं, फुटक्या पंपाचं बीड, चेपलेल्या पातेल्यांचं जर्मन, कुणाच्या आजीच्या घंगाळाचं पितळ. सगळं काट्यावर चढतं, धातूप्रमाणं वेगळं होतं आणि गाडी भरली की भट्टीकडं जातं. एकच वस्तू मी काट्यावर घेत नाही. जमिनीतून निघालेलं जुनं नाणं. हा नियम वडिलांचा. तो का पाळला पाहिजे आणि सरकारनं आपल्या बाजूनं काय बदललं पाहिजे, हे मांडायला हा लेख लिहितोय.

निमित्त मेटल डिटेक्टरचं. हे यंत्र आता मोबाइलसारखं घरपोच येतं. वळवाचा पाऊस होऊन गेला, रानं मोकळी असली की कानाला हेडफोन लावलेली पोरं जुन्या गावठाणांच्या पांढरीवर फिरताना दिसतात. मोबाइलवर त्यांनी कुठल्या तरी परदेशातल्या माणसाला सोन्याचं नाणं काढताना पाहिलेलं असतं. पोरं वाईट नाहीत. शिकलेली आहेत, नोकरी नाही, कांद्याला भाव नाही, आणि आपल्या मातीत काहीतरी आहे हे त्यांना लहानपणापासून ऐकून माहीत आहे. ते ऐकणं खोटंही नाही.

आमच्या उशाला चांदवड आहे. तिथं होळकरांच्या काळात टांकसाळ चालत होती. तिथल्या चांदीच्या रुपयावर शाह आलम बादशहाचं नाव आणि फारसी लिपीत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ हा टांकसाळीचा ठसा असतो. इकडं नाशिकला मोगलांनी गुलशनाबाद म्हटलं आणि त्याच नावानं पुढं मराठ्यांचे रुपये पडले. पुण्याकडचा अंकुशी रुपया, तांब्याची शिवराई, ढब्बू, मग राणीछाप, मग भोकाचा पैसा. इतका पैसा या रस्त्यांनी फिरला आहे. तो सांडला, हरवला, दरोड्याच्या भीतीनं पुरला गेला, भिंतीत लपवला आणि भिंत पडल्यावर मातीत गेला. यंत्र वाजतं ते काही उगाच नाही.

पण ते नाण्यावरच वाजत नाही, आणि सगळी अडचण तिथून सुरू होते.

यंत्र साधं आहे. दांड्याच्या टोकाला तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्यातून उलटसुलट वीज खेळते, तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. खाली धातू असला की त्यातही वीज फिरायला लागते आणि तिची चाहूल वरचं वेटोळं पकडतं. चांदी आणि तांबं वीज सहज वाहून नेतात, म्हणून त्यांचा आवाज उंच आणि स्वच्छ येतो, पडद्यावर मोठा आकडा दिसतो. पातळ जर्मन आणि शिसं खालच्या आकड्यांवर. लोखंडाचा आवाज घोगरा. मोटार भरणाऱ्या कारागिराला ही गोष्ट चहा संपायच्या आत समजावता येते.

आता हे यंत्र निफाड तालुक्यातल्या रानात चालवून बघा. बागेच्या मांडवाच्या तारेचे तुकडे. खिळे. बैलांच्या पायाच्या पत्र्या आणि त्यांच्या चुका. कुळवाच्या पासेचा तुकडा. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. आणि औषधाच्या बाटल्यांच्या तोंडावरची जर्मनची गोल सिलं, जी फवारणी करताना माणूस नखानं उचकटतो आणि तिथंच टाकतो. हे सील आकारानं अगदी नाण्यासारखं. पडद्यावर जो आकडा त्याचा येतो, तोच एखाद्या हलक्या नाण्याचाही येऊ शकतो. लोखंड वगळायची कळ यंत्राला असते, पण ती लावली की खिळ्याच्या शेजारी पडलेलं चांदीचं नाणंही गप्प बसतं, कारण खिळा त्याचा आवाज खाऊन टाकतो. म्हणून मुरलेली पोरं कळ बंद ठेवतात, लहान वेटोळं लावतात आणि वाजेल ते सगळं उकरतात. कचऱ्याच्या जमिनीत दुसरा इलाज नाही.

नांगरटीच्या रानात वीतभर उकरलं तर माझी फारशी तक्रार नाही. तिथली वरची माती पिढ्यान्पिढ्या फाळाखाली उलटीपालटी झालेली आहे. तक्रार आहे ती पांढरीची.

पांढर म्हणजे काय, ते खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. शेकडो वर्षं एकाच जागी माणसं राहिली, चुलीची राख टाकली, शेण टाकलं, मातीची घरं पडली आणि त्याच मातीवर नवी उठली. खापरं, हाडं, बांगड्यांचे तुकडे, मणी, कोळसा, करपलेलं धान्य. पांढर हा गावाचा सगळ्यात जुना उकिरडा आहे आणि म्हणूनच ती गावाची सगळ्यात जुनी वही आहे. हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 साली नाशिकच्या मातीच्या गढीत आणि संगमनेरजवळच्या जोर्व्याला खणलं ते असलंच टेकाड. जोर्व्याची तांबूस, काळ्या नक्षीची खापरं अशी निघाली की एका सबंध संस्कृतीला या खेड्याचं नाव मिळालं. पुढं इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या घरातलं करपलेलं धान्य मिळालं, दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान मुलं मिळाली. यातलं एकही यंत्रावर वाजलं नसतं.

पांढरीत मातीचे थर असतात. वरचा नवा, खालचा जुना. नाणं ज्या थरात असतं त्या थराला ते तारीख देतं, आणि थरातली खापरं, राख, धान्य त्या नाण्याला संगत देतात. पोरगं खुरप्यानं वीतभर खड्डा करून नाणं उचलतं, तेव्हा नाणं हातात येतं आणि थराची तारीख जाते. शंभर सिलं आणि पट्ट्यांमागं एखादं नाणं मिळणार असेल, तर तेवढ्या सगळ्या ठिकाणी पांढरीला भोक पडतं.

माझा धंदा कचऱ्यातून धातू वेचायचा. वेचणाऱ्याला मी कमी लेखणार नाही. सराफ बाजारातली धूळ आणि गटारातला गाळ धुवून सोन्याचे कण काढणारे झारेकरी मी पाहिलेत, त्यांच्या हाताला तोड नाही. नाशिकला रामकुंडावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि भाविकांनी टाकलेली नाणी वर ओढतात. आजची बरीचशी नाणी पोलादाची, म्हणून ती चिकटतात. चांदीचं किंवा तांब्याचं असतं तर चुंबकाला हात हलवत परतावं लागलं असतं. पण गटारातल्या सोन्याच्या कणाला विचारायचं काही नसतं. पांढरीतल्या नाण्याला खूप काही विचारायचं असतं, आणि त्यातला पहिला प्रश्न म्हणजे तू कुठं होतंस.

याचं मोठं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचं गाव आहे. तिथं 1906 साली चांदीच्या नाण्यांचा ढीग सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. एकेक जेमतेम दोन ग्रॅमचं, करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं. सगळी क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत नाव. आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा परत मारलेला. तीन कमानींचा डोंगर एका अंगाला, उज्जैनी चिन्ह दुसऱ्या अंगाला.

ही नाणी मी काचेमागं पाहिली आहेत. नव्या ठशाच्या खालून नहपानाचं नाक डोकावतं, मानेवर रुळणारे केस दिसतात, कुठं अर्धं ग्रीक अक्षर उरलेलं असतं. भट्टीशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला हे पाहून थरारून जायला होतं. सातकर्णीनं शत्रूची चांदी वितळवली नाही. गरम करून वरून ठसा हाणला आणि तीच नाणी बाजारात सोडली. वितळवली असती, तर आज आपल्या हातात फक्त सातकर्णीचा रुपया असता.

रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो ढीग तपासून त्यावर लिहिलं, म्हणून आज इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात जोगलटेंभीचं नाव आहे. सातकर्णीनं क्षहरातांचा नायनाट केला, असं त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात पांडवलेण्यात कोरलेलं आहेच. पण आई मुलाचं कौतुक करणारच, असं कुणी म्हणू शकलं असतं. ढिगानं त्या शब्दाला पुरावा दिला. त्याच डोंगरावर दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडं दोन हजार कार्षापण ठेवले, त्यांचं व्याज महिना शेकडा एक, आणि दुसऱ्या श्रेणीकडं एक हजार, त्यांचं व्याज शेकडा पाऊण, असा हिशेब दगडात लिहिला आहे. पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, हा भावही लिहिला आहे. व्यापारी माणसानं एकदा तरी त्या लेण्यात जाऊन उभं राहावं. भिंतीवर हिशेब, आणि त्या हिशेबाच्या काळातला चांदीचा पैसा नदीकाठच्या गावात. या दोन गोष्टी जोडल्या गेल्या, त्या ढीग एकत्र राहिला म्हणून आणि जागा माहीत होती म्हणून. तो ढीग चार सराफांत वाटला गेला असता आणि ठसा मारलेलं एखादं नाणं पुढं कुणाच्या संग्रहात आलं असतं, तर त्यावरून काय कळलं असतं? फार तर चमत्कारिक नाणं म्हणून त्याची नोंद झाली असती.

उलट उदाहरण दायमाबादचं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी 1974 साली एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ओतीव वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेली गाडी हाकणारा उभा माणूस. भारतात मिळालेल्या प्राचीन धातूच्या कामात यांची गणना पहिल्या ओळीत होते. वजन साठ किलोंवर. माझ्या धंद्यात साठ किलो तांब्याचा माल म्हणजे काय, ते मला माहीत आहे, आणि तो भट्टीत गेला नाही याबद्दल त्या गावाला हात जोडले पाहिजेत. पण वस्तू थरातून आधी निघाल्या आणि पुरातत्त्व खात्याचे साळी यांचं उत्खनन 1976 पासून झालं. त्या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानतात, तरी त्यांच्या काळाबद्दल जाणकारांत मतभेद राहिले, कारण मूळ जागीच त्या कुणी पाहिल्या नव्हत्या. इतक्या मोठ्या वस्तूंची ही गत, तर दोन ग्रॅमच्या नाण्याची काय होईल?

मध्यंतरी एक पोरगं दुकानात आलं. प्लास्टिकच्या डब्यातला माल त्यानं काउंटरवर ओतला आणि म्हणालं, “शेठ, याचे किती देता?” मी बोटानं पसरवून पाहिलं. सिलं, एक बुलेटच्या चावीचा तुकडा, शिशाची गोळी, तुटकं जोडवं, बैलगाडीच्या आऱ्याची कडी, आणि हिरवट पडलेला तांब्याचा एक जाड, वेडावाकडा गोळा. थुंकी लावून घासायला तो निघाला होता, मी हात धरला. जुन्या तांब्यावरचा हिरवा थर घासला की अक्षरंही जातात. कडेला धरून उजेडात तिरपा केला, तर मधल्या दोन आडव्या रेघा दिसल्या. दुदांडी शिवराई. बाजारात तिला फार मोल नाही, कारण ती लाखांनी पडली होती. पोरगं हिरमुसलं.

मी विचारलं, “कुठं सापडली?”

“रानात.”

“रानात कुठं? माती तुझ्याच रानातली का?”

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानं आजोबांना फोन लावला. म्हातारबाबा फोनवर खणखणीत बोलले. रानाचा तो तुकडा खडकाळ होता, त्यांच्या तरुणपणी जुन्या गावठाणाची पांढरी माती गाडीनं आणून तिथं टाकली होती, वेशीजवळची पडकी भिंत होती तिच्या पायथ्याची. म्हणजे शिवराई रानाची नव्हतीच, वेशीजवळच्या भिंतीखालची होती. ही माहिती कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही सातबाऱ्यावर नाही. ती त्या म्हाताऱ्याजवळ होती आणि त्याच्याबरोबर ती जाणार. आपल्याकडं माती जागची हलते. उकिरड्याचं खत रानात जातं, पांढरी धाब्यावर आणि वाफ्यात जाते, धरणातला गाळ ‘गाळमुक्त धरण’ योजनेतून शिवारात येतो, शेततळ्याची माती बांधावर चढते. म्हणून मोबाइलमधलं ठिकाण टिपलं की काम झालं, असं समजू नये. माती कुठून आली, ते शेतकऱ्यालाच विचारावं लागतं.

आता कायद्याकडं येतो, कारण माझं खरं भांडण तिथं आहे.

गुप्तधनाचा कायदा 1878 सालचा आहे. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, किती, कुठं, कधी. न कळवल्यास त्याचा वाटा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक निघाला नाही आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात ठरलं नाही, तर तीन भाग सापडणाऱ्याला, एक भाग जमीनमालकाला. इथपर्यंत कायदा समंजस आहे. ‘कुठं’ हा शब्द त्यात आहे, याचं मला कौतुक वाटतं. पण सरकारनं ती वस्तू स्वतःकडं ठेवायची ठरवली तर मोबदला किती? धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा हिस्सा.

हे वाचल्यावर मी कायद्याचं पान बाजूला ठेवून बराच वेळ बसलो. नहपानाच्या चांदीला चांदीचा भाव आणि वर वीस टक्के. दायमाबादच्या हत्तीला तांब्याचा भाव आणि वर वीस टक्के. हा माझ्या काट्याचा हिशेब आहे. मी तो घंगाळाला आणि पातेल्याला लावतो. देशाच्या कायद्यानं तो देशाच्या ठेव्याला लावावा, हे दीडशे वर्षांनी तरी बदललं पाहिजे. आणि दहा रुपये? 1878 साली दहा रुपयांत बरंच काही येत होतं. आज पोराच्या डब्यातली ती शिवराईसुद्धा कायद्याच्या कक्षेत येते. कायदा अक्षरशः पाळायचा तर तिच्यासाठीही जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहावं लागेल. कुणी लिहीत नाही. मग नाणं डब्यात राहतं, गळ्यातल्या पेटीत जातं किंवा मुशीत जातं.

1972 चा पुरावस्तूंचा कायदा त्याच्या जोडीला आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही, परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. संरक्षित स्मारकात परवानगीविना खणणं हा गुन्हाच आहे. हे सगळं योग्य आहे. पण आपल्या बहुतेक पांढरी संरक्षित नाहीत. महसुली दप्तरात ज्यांच्यापुढं ‘बेचिराख’ असं लिहिलेलं असतं, त्या उठून गेलेल्या गावांच्या टेकाडांना तर कुणी वाली नाही. जेसीबी लागतो, दोन दिवसांत भरावासाठी टेकाड उचललं जातं. यंत्रवाल्या पोरांनी वर्षभर भोकं पाडून जेवढं जाईल, त्याच्या कितीतरी पट एका सकाळी जातं. पोरांवर रागावण्याआधी हेही डोळ्यांसमोर ठेवलं पाहिजे.

भीती दुसरीही आहे. गावात एक नाणं सापडलं की संध्याकाळपर्यंत हंडा सापडल्याची बातमी होते. लोक रात्री रानात येऊन खणून जातात. कुणी म्हणतं सरकार जमीन घेईल, कुणी म्हणतं पोलीस घर खणतील. आणि त्यात गुप्तधनाचं वेड. पूर्वी पायाळू माणूस शोधून आणायचे, त्याला जमिनीतलं दिसतं म्हणायचे. आता यंत्र आलं, पण पाठीमागचा हव्यास तोच, आणि भोंदूही तेच. त्या हव्यासापायी अघोरी कृत्यं झाली, म्हणून 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठीच्या अशा कृत्यांना वेगळा उल्लेख द्यावा लागला. अशा वातावरणात साधा शेतकरी तोंड बंद ठेवतो. मला त्याचा राग येत नाही.

ब्रिटननं यातून वाट काढली. 1996 साली नवा कायदा केला आणि 1997 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत नोंद घेणारे जाणकार नेमायला सुरुवात केली. शेतात काहीही मिळालं तर त्यांना दाखवायचं, ते फोटो काढतात, वजन घेतात, जागा लिहितात, आणि कायद्यानं ‘खजिना’ ठरणारी वस्तू नसेल तर ती परत देतात. दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. 2009 साली स्टॅफर्डशायरला एका हौशी माणसाच्या यंत्राला सोन्याचा प्रचंड साठा लागला. त्यानं कळवलं, मग जाणकारांनी रीतसर खणलं. किंमत ठरली बत्तीस लाख पौंडांच्या वर, ती बाजारभावानं ठरली आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. तिथंही रात्री चोरून खणणारे आहेत, सगळं गोडगोड नाही. पण कळवणाऱ्याचं तिथं नुकसान होत नाही, फायदा होतो.

आपल्याकडं माणसं नाहीत असंही नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीतून निघालेल्या हजारो वस्तू जमवल्या. मणी, मृण्मूर्ती, नाणी, हस्तिदंत. त्यावर आज सरकारी संग्रहालय उभं आहे आणि त्याला त्यांचं नाव आहे. पैठणला बाळासाहेब पाटलांच्या संग्रहाचंही तसंच. आणि नाणी वाचणारी संस्था तर आमच्या दारात आहे. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला 1980 साली परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. देशोदेशीचे अभ्यासक तिथं येतात. निफाड तालुक्यातल्या किती शाळांची सहल तिथं गेली असेल?

माझ्या मागण्या साध्या आहेत. मोबदल्यातून धातूचा भाव काढून टाका आणि जाणकारांच्या समितीनं ठरवलेला बाजारभाव द्या. दहा रुपयांची अट आजच्या काळाला धरून बदला. सुट्या नाण्याची नुसती नोंद करायची सोय तालुक्याला ठेवा, जिथं शेतकरी नाणं दाखवील, फोटो काढला जाईल, माती कुठून आली ते लिहिलं जाईल आणि त्याला पावती मिळेल. पुरातत्त्वाची पदवी घेऊन घरी बसलेली मुलं-मुली या कामाला नेमा. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली गेली, तर त्याच नकाशांवर पांढरी आणि बेचिराख गावांची टेकाडं आखा, आणि तिथली माती उचलायला परवानगी लागेल असं करा. हे होईपर्यंत पांढरीवर यंत्र नेण्याला बंदी असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ते पोरांना आवडणार नाही.

पण त्यांच्या कानाला जी सवय झाली आहे, ती मला वाया घालवायची नाही. खिळ्याच्या आवाजाआडचा चांदीचा आवाज ओळखणं हे कसब आहे. रस्त्यासाठी, शेततळ्यासाठी, घराच्या पायासाठी जी पांढर कायदेशीरपणे उकरली जाणारच आहे, तिच्या ढिगाऱ्यांवर या पोरांना जाणकारांबरोबर उभं करा. तिथं थर आधीच मोडलेला असतो, गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि जे मिळेल ते वाचवलेलंच असेल. दोन हंगाम असं काम केलेल्या पोराला पुढं परवाना द्यायला माझी हरकत नाही.

कुणी म्हणेल, भाव पडलेल्या वर्षी शेतकऱ्यानं चांदीचा रुपया मोडून बियाणं घेतलं तर तुमचं काय जातं? त्या माणसाची गरज मी रोज काट्यापलीकडून बघतो. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा घराघरांतून पितळ कसं बाहेर पडलं, ते मला कुणी सांगायला नको. म्हणूनच योग्य मोबदला मी पहिला मागतो. चांदवडी रुपयाला सराफ वितळवणीचा भाव देतो. सरकारनं त्याहून जास्त आणि लगेच दिला, तर कोणता शेतकरी मुशीकडं जाईल?

सरकारचं होईल तेव्हा होईल. माझ्या दुकानात गल्ल्याशेजारी एक वही आहे. कुणी नाणं घेऊन आलं की मी ते विकत घेत नाही, घासू देत नाही. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, गाव, गट नंबर आणि माती कुठून आली, एवढं लिहून घेतो आणि त्याच मजकुराचा अर्ज त्याच्या हाती देतो, तहसील कचेरीतून जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवायला. निफाड, येवला आणि चांदवड तालुक्यांतल्या माझ्या धंद्यातल्या भावांना विनंती आहे की त्यांनीही अशी वही ठेवावी. तांबट, मोडवाले आणि सराफ यांनीही. अर्जाचा नमुना माझ्याकडं तयार आहे, बाजाराच्या दिवशी कधीही येऊन घेऊन जा.